आटेदार बाराबोर: घरची गोल गोळी की विकतचा स्लग?

भाच्याने ओहायोत (अमेरिकेत) आटे पाडलेल्या, म्हणजे आतून गोळीला फिरकी देणारे पिळदार खाचे असलेल्या, नळीची बाराबोर शॉटगन घेतली आणि आठवड्याभरात त्याचा फोन आला, "मामा, विकतचे स्लग परवडत नाहीत. घरी शिशाच्या गोल गोळ्या ओतून काडतुसं भरू का?" त्याला सांगताना जे बोललो ते इथे सविस्तर लिहितो. पर्याय तीन आहेत: विकतचा सॅबो स्लग (स्लग म्हणजे शॉटगनची एकच जड गोळी; सॅबो म्हणजे तिच्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच, ते नळीबाहेर पडताच सुटतं), विकतचा नळीभर जाडीचा, कवच नसलेला शिशाचा स्लग आणि घरी ओतलेली गोल गोळी.

गोल गोळी ही या बंदुकीची मूळ गोळी आहे. बाराबोर हे नावच तिच्यावरून पडलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. त्या नळीचा व्यास सुमारे 18.5 मिमी आणि गोळीचं वजन जवळजवळ 38 ग्रॅम होतं. गुळगुळीत नळीतून ही गोळी मारण्याची पद्धत फार जुनी आहे, पण तिचा नेम जेमतेम. 1885 साली कर्नल जॉर्ज फॉसबेरी यांनी नळीच्या तोंडाशी थोड्याच लांबीत आटे पाडण्याचं पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंडने त्यावर 'पॅराडॉक्स' बंदूक काढली. एकाच नळीतून छर्राही चालावा आणि गोळीही. फॉसबेरी हिंदुस्थानातल्या फौजेतले अधिकारी होते आणि वायव्य सरहद्दीवरच्या 1863 च्या लढाईत त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. इथल्या शिकारी साहेबांत ही बंदूक प्रिय झाली, कारण तित्तिरापासून वाघापर्यंत काय समोर येईल याचा भरवसा नसे.

आजची आटेदार नळी मात्र वेगळ्या कामासाठी बनते. तिचे आटे साधारण 28 ते 36 इंचांत एक फेरा घेतात. ते लांबट सॅबो गोळीला स्थिर ठेवण्यासाठी आहेत. गोलाला फिरकीची गरज फार कमी असते. ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या) .50 कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच नळीच्या, रायफलीत गोल गोळीसाठी 66 इंचांत एक फेरा हे प्रमाण रुळलेलं आहे आणि बाराबोरची नळी तर त्याहून मोठी, म्हणजे तिला आणखी संथ फेरा पुरतो. शिवाय शॉटगनचे आटे उथळ असतात. गोळी जोरात सोडली तर ती आट्यांना न धरता घसरत पुढे जाते, आट्यांत शिसं चोपडतं आणि नेम उधळतो. म्हणून या नळीत गोल गोळी मध्यम वेगातच गोडीने चालते. हे न पटणारे लोक वेग वाढवत राहतात आणि शेवटी दोष साच्याला देतात.

प्रत्यक्षात गोळी नळीपेक्षा लहान असते. बाजारात .690 इंचाचा साचा सर्रास मिळतो. त्यातून शुद्ध शिशाची गोळी सुमारे 494 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) येते, म्हणजे 32 ग्रॅम. ती प्लास्टिकच्या वॉडच्या (दारू आणि गोळी यांच्यामधल्या पेल्याच्या) पाकळ्यांत बसते, आट्यांना धरतात त्या पाकळ्या. इथेच सगळा खेळ आहे. पाकळ्या पातळ असल्या तर गोळी त्या फाडून नळीला भिडते, जाड असल्या तर पुंगळीत (काडतुसाच्या नळकांड्यात) धड बसत नाही. माझ्या हाताने भरलेल्या पहिल्या काडतुसांत हेच झालं. निशाण्याच्या कागदावर गोळ्यांच्या भोकांचा जो पुंजका पडतो त्यापेक्षा फाटलेले वॉड गोळा करून बघण्यातून मी जास्त शिकलो. ओतलेली प्रत्येक गोळी तराजूवर घालावी. एखादी हलकी निघाली तर आत हवेचा पोकळ बुडबुडा आहे, ती पुन्हा वितळवायची.

आता तीनही पर्याय शेजारीशेजारी ठेवू. सॅबो स्लग सगळ्यात सरस आहे, यात मला शंका नाही. हॉर्नाडी या कंपनीचा बाराबोरसाठीचा 300 ग्रेनचा सॅबो सेकंदाला 2000 फूट वेगाने निघतो आणि चांगल्या नळीतून शंभर यार्डांपलीकडेही भरवशाने जातो. किंमत मात्र बोचते. एका गोळीला तीन-चार डॉलर मोजावे लागतात, म्हणून सरावाला हात आखडतो. जाडा शिशाचा स्लग, म्हणजे कार्ल फॉस्टर यांनी 1931 मध्ये काढलेल्या घाटाचा, पुष्कळ स्वस्त, पण तो मुळात गुळगुळीत नळीसाठी आहे. आट्यांच्या नळीत तो कधी बरा जातो, कधी नाही, आणि शिसं मागे सोडतो. हा तुमच्याच नळीतून मारून पाहावा, कुणाच्या सांगण्यावर घेऊ नये. घरची गोल गोळी पन्नास यार्डांपर्यंत छान काम करते. पुढे वेग झपाट्याने ओसरतो. सेकंदाला 1300 फुटांनी निघालेली गोळी शंभर यार्डांवर ध्वनीच्या वेगाखाली आलेली असते. तिथे हरणासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

पैशाचं गणित भाच्याला वाटतं तसं नाही. शिसं स्वस्त मिळेलही, पण साचा, भट्टी, काडतूस भरायचा प्रेस, तराजू, वॉड, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू हे सगळं आधी घ्यावं लागतं. हंगामात वीस-तीस गोळ्या मारणाऱ्याचे ते पैसे कधी वसूल होत नाहीत. महिन्याला शंभर मारणाऱ्याचे होतात. आणि ज्याला ओतण्या-भरण्यातच रस आहे त्याने हिशोब मांडूच नये, खुशाल करावं.

एका बाबतीत मात्र मी हटवादी आहे. दारूचं प्रमाण कधीच अंदाजाने ठरवायचं नाही. पुंगळी, प्रायमर, वॉड, गोळीचं वजन या नेमक्या जोडणीचं दाब तपासलेलं प्रमाण छापील पुस्तकात असेल तरच भरायचं. त्यातली एक वस्तूही बदलली तर दाब बदलतो, आणि नळी फुटली तर हात आणि डोळा जातो. छऱ्याचं प्रमाण गोळीसाठी वापरणं हीच सर्रास होणारी चूक आहे. शिसं ओतताना हवा खेळती हवी, जवळ पाण्याचा थेंब नको (वितळलेल्या शिशात पाणी पडलं की ते स्फोटासारखं उसळतं), नंतर हात साबणाने धुवायचे आणि घरात लहान मूल असेल तर भट्टी घरात लावायचीच नाही. कॅलिफोर्नियात राहत असाल तर विषयच संपला: 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी फक्त माहिती म्हणून घ्यावं. काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याखाली त्याला परवाना लागतो. शिकारीचा मार्ग तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद केला आहे.

भाच्याला मी सांगितलं: हंगामासाठी सॅबोची दोन पाकिटं घे, आणि नळीला कुठला पटतो ते कळण्यासाठी दोन वेगळ्या जातींची घे. साचा आत्ता घेऊ नकोस. हिवाळ्यात माझ्याकडे ये, माझ्या साच्यात पन्नास गोळ्या ओतू, मग पुस्तकातल्या प्रमाणाने भरून पन्नास यार्डांवर तुझ्याच नळीतून मारून बघू. पुंजका तळहाताएवढा पडला तर साचा तुझा.