थकवा मोजताना: एकच आकडा की नऊ प्रश्न?

केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टरना वेळ कमी असतो. तिथे एकच प्रश्न पुरतो: "गेल्या ७ दिवसांत थकवा किती? ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे सर्वांत जास्त." १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. घोळ होतो तो उत्तर कोण देतं यात. "आई बरी आहे" असं मुलगाच सांगून टाकतो. आकडा मात्र आईच्याच तोंडून यायला हवा.

४ किंवा जास्त आला, तर ब्रीफ फटीग इन्व्हेंटरी, म्हणजे थकव्याची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून घ्यावी; प्रत्येक उत्तर ० ते १०. तीन प्रश्न तीव्रतेचे: आत्ताचा थकवा, २४ तासांतला एरवीचा आणि सर्वाधिक. उरलेले सहा थकव्यामुळे येणाऱ्या अडथळ्याचे: एकूण हालचाल, मनःस्थिती, चालणं, काम, नातीगोती, जगण्यातला आनंद. बेरीज भागिले ९. पण नुसती सरासरी फाइलला लावली, तर कामाची गोष्टच हरवते. चालण्याला ८ आणि मनःस्थितीला २ असेल, तर किमान हिमोग्लोबिन, वेदना, आहार तपासायला हवा. उलटं असेल, तर झोप आणि उदासीबद्दल निवांत विचारावं.

दोन्हींचे आकडे एकाच आलेखावर नकोत, कालावधीच वेगळा. आणि मोजणी दर वेळी केमोच्या चक्रातल्या त्याच दिवशी करावी.