पोडियाट्री परिषद: श्रोता म्हणून की वक्ता म्हणून?

पोडियाट्री म्हणजे पायांच्या विकारांवर उपचार करणारी शाखा. नेदरलँड्समधल्या हेग इथे दर चार वर्षांनी मधुमेही पायावरची, म्हणजे मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या विकारांवरची, मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. अशा ठिकाणी नुसतं ऐकायला गेलात तर दिवस तुमचा असतो. १० ग्रॅम दाब देणाऱ्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तंतूने) पायाची संवेदना तपासणं किंवा टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून चपखल बसणारं प्लास्टर) बांधणं दाखवणाऱ्या कार्यशाळेत हात घालून बघता येतं, कंटाळवाणं सत्र खुशाल सोडता येतं.

व्याख्यान द्यायचं म्हटलं की सारांश काही महिने आधी पाठवा, तो निवडला जाण्याची वाट बघा, रुग्णांच्या फोटोंसाठी लेखी संमती घ्या. आणि श्रोते एकसारखे नसतात. अमेरिकेतला पोडियाट्रिस्ट पायाची शस्त्रक्रिया करतो, बऱ्याच देशांत तो अधिकारच नसतो, त्यामुळे तुमचा साधा सल्ला अर्ध्या सभागृहाला गैरलागू ठरू शकतो. स्वतःचं सत्र होईपर्यंत इतरांचं निम्मं डोक्यात शिरत नाही, हेही खरं. पण व्याख्यानानंतर लोक आपणहून येऊन गाठतात, खोडून काढणारे प्रश्न विचारतात. श्रोत्याला अशा ओळखी कॉफीच्या रांगेत कमवाव्या लागतात.

पहिल्यांदा जात असाल तर माझं मत पोस्टरला, म्हणजे भाषणाऐवजी आपलं काम फलकावर मांडण्याला. मांडणीही होते, कार्यशाळाही बुडत नाहीत.