उद्यमनगरातील पोर्ट-मापणी : आरएक्स १००च्या ब्लॉकच्या निमित्ताने

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगची, म्हणजे सिलिंडर आतून कापून-घासून देणारी, दुकाने पावलोपावली आहेत. पण टू-स्ट्रोक सिलिंडरचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्यासाठी त्याच्या भिंतीत असलेल्या खिडक्या) आधी नीट मोजून ती मापे गिऱ्हाइकाच्या हाती लेखी देणारे दुकान मला एकच सापडले. १९९६ साली उत्पादन थांबलेल्या यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, मी तिथे दिला होता.

‘पोर्ट वाढवून देतो’ म्हणत थेट ग्राइंडर उचलणारे मिस्त्री कमी नाहीत आणि धोका नेमका तिथेच आहे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही ५० मिमी. जळालेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट पोर्ट उघडते त्या, म्हणजे टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो त्या बिंदूनंतर) क्रँक साधारण ९० अंश फिरल्याच्या टप्प्यावर पिस्टन क्रँकच्या दर अंशाला सुमारे ०.४४ मिमी सरकतो. त्यामुळे पोर्टची वरची कड एक मिमीने उचलली, तर ते सव्वादोन अंश लवकर उघडते, तेवढेच उशिरा मिटते आणि ते उघडे राहण्याचा काळ साडेचार अंशांहून थोडा अधिक वाढतो. जास्त कापले गेले की नवी स्लीव्ह (सिलिंडरचे आतले अस्तर) घालणे आलेच.

या दुकानात आधी स्पार्क प्लगच्या जागी स्टॉप (पिस्टनला अडवणारा खिळ्यासारखा तुकडा) बसवून क्रँक दोन्ही दिशांनी पिस्टन टेकेपर्यंत फिरवतात आणि डिग्री व्हीलवरील (क्रँकला लावलेल्या अंशांच्या तबकडीवरील) दोन आकड्यांचा मध्य टीडीसी धरतात. हे योग्यच आहे, कारण अगदी वरच्या टोकाला काही अंशांपर्यंत पिस्टन जवळजवळ हलत नाही आणि नजरेने किंवा नुसत्या डायल गेजने काढलेला टीडीसी फसवा ठरतो. मग बोअरमध्ये कागद बसवून, नाण्यावर पेन्सिल घासावी तसा पोर्टच्या कडांचा ठसा घेतात. उलगडलेल्या कागदावरची रुंदी वक्राची असते, याचे भान त्यांना आहे, हे मला विशेष वाटले : ५० मिमी बोअरमध्ये कागदावर ३३.४ मिमी भरणारे पोर्ट सरळ रेषेत ३१ मिमीच असते, आणि रिंग पोर्टमध्ये अडकेल की नाही याचा अंदाज बोअरशी असलेल्या या सरळ मापाच्या प्रमाणावरूनच बांधतात. ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या डाव्या-उजव्या ट्रान्स्फर पोर्टच्या उंचीतील किंचित फरकही त्यांनी न विचारता नोंदवला.

उणीव एकच, पण ती लहान नाही. मापणीच्या कागदावर सिलिंडरखालच्या पॅकिंगची (गॅस्केटची) जाडी लिहिलेली नव्हती. अर्ध्या मिमीने जाड पॅकिंग घातले की सगळे पोर्ट तेवढेच वर जातात, आणि मग लिहून दिलेल्या अंशांना अर्थ उरत नाही. विचारल्यावर त्यांनी जाडी मोजून लिहून दिली. काम सावकाश चालते आणि मजुरीही नुसत्या बोअरिंगपेक्षा जास्त आहे, तरी ग्राइंडर लावण्याआधी ब्लॉक तिथे जरूर न्यावा. मात्र आपले नेहमीचे पॅकिंग सोबत द्यावे आणि त्याची जाडी कागदावर लिहून घेतल्याशिवाय ब्लॉक परत घेऊ नये.