पद्मिनी ८ महिने चालवल्यावर: अर्धवट काम, दोन मिस्त्री आणि डबाभर नट-बोल्ट

काल रंकाळ्याजवळ स्पीडब्रेकरवरून गाडी गेली आणि डाव्या दारातून परत तोच कडकड आवाज आला. म्हटलं, आता लिहूनच टाकू. गाडी १९८८ ची प्रीमियर पद्मिनी, आण्णांनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग सीट. ज्यांनी चालवली आहे त्यांना बाकी काही सांगायला नको. पूर्ण काम होऊन आठ महिने झाले, ४,२०० किलोमीटर फिरलो. पण निम्मा अनुभव मिस्त्रीचा आहे, कारण जवळजवळ वर्षभर गाडी त्याच्या गॅरेजात खोललेल्या अवस्थेत पडून होती.

इंजिन आणि पत्रा-रंग मिळून १ लाख १० हजार ठरले. जानेवारी २०२३ मध्ये टोचन करून गाडी नेली. ‘पाडव्याला दारात उभी करतो सर’, म्हणाला. चौथ्या दिवशी गेलो तर इंजिन खाली, चारी दारं निघालेली, सीट भिंतीला टेकवलेली. मला आनंद झाला, काम झपाट्यानं चाललंय असं वाटलं. खरं तर गाडी खोलायला दोन दिवस पुरतात. आणि एकदा खोलली की ती दुसऱ्याकडे नेता येत नाही. हे मिस्त्रीला आधीपासून माहीत असतं, आपल्याला नंतर कळतं.

पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, गणपती बसले आणि उठले. ‘उद्या बघतो की सर.’ ‘पेंटर गावाला गेलाय.’ ‘काचेचं रबर मुंबईहून यायचंय.’ रबर मी स्वतः कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरून आणून दिलं. तो पुडा साडेतीन महिने त्याच्या टेबलाखाली न उघडता पडला होता. पैसे मात्र मी वेळच्या वेळी देत गेलो. इंजिनला, मग पत्र्याला, मग रंगाला, करत करत ८५ हजार गेले. माणूस लबाड नव्हता, असं मला आजही वाटतं. क्लचप्लेटचं काम आलं की संध्याकाळी रोख पैसे मिळतात. माझ्या गाडीचे पैसे तर त्याला आधीच मिळालेले. मग तो माझ्या गाडीला हात कशाला लावेल? ८५ हजार आधी देणं ही माझी चूक होती आणि ती मला फार लागली.

पण सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर नट-बोल्टचा. पाच लिटरच्या ऑइल कॅनचं तोंड कापून त्यात सगळ्या गाडीचे नट-बोल्ट एकत्र टाकले होते. दाराच्या बिजागऱ्यांचे, मडगार्डचे, बंपरचे, डॅशबोर्डखालचे, सगळे एकाच कॅनमध्ये, वर पावसाचं पाणी. हात घातला तर बोटांना तांबूस चिखल लागला. पस्तीस वर्षं हे बोल्ट आपापल्या जागी नीट होते. आण्णा दर दिवाळीला दाराच्या बिजागरीत तेल सोडायचे. चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक स्केच पेन, एवढंच लागत होतं. तुमची जुनी गाडी कुठं द्यायची असेल तर खोलताना स्वतः थांबा, पिशव्या घेऊन जा, मोबाइलवर फोटो काढा. आणि इंजिन तुमच्यासमोर सुरू झाल्यावरच इंजिनाचे पैसे द्या.

मधल्या काळात जून २०२३ ला आरसीची मुदत संपली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली होती आणि खासगी कारला उशिराचे महिन्याला ५०० वेगळे होते. खोललेली गाडी पासिंगला नेणार कशी? अकरा महिन्यांचे ५,५०० मला भरावे लागले. पर्यावरण कर त्यावर.

शेवटी ओळखीच्या वकिलांना विचारलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, हे तेव्हा कळलं. बिल एकही नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी आणि ‘उद्या नक्की’चे व्हॉट्सअॅप मेसेज होते. नोटीस गेली आणि आठवड्यात मिस्त्रीचाच फोन आला. १५ हजार परत दिले, गाडी न्या म्हणाला. जानेवारी २०२४ मध्ये टेम्पोत घालून गाडी, दारं आणि तो कॅन घेऊन आलो.

उद्यमनगरातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, ‘नट-बोल्ट कुठं आहेत?’ मी कॅन पुढे केला. ते काही बोलले नाहीत. तीन संध्याकाळ आम्ही दोघं पेपर पसरून, रॉकेलनं धुऊन, एकेक बोल्ट लावून बघत होतो. त्यांच्या मजुरीत आणि सामानात ५२ हजार गेले.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. गाडी आणली त्या दिवशी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पहिल्यानं सगळी वाट लावली. तसं नव्हतं. इंजिन त्यानंच बांधलं होतं. बोअरिंग, रिंग-पिस्टन, हेड फेसिंग, सगळं त्याचं, आणि दुसऱ्या मिस्त्रींनी ते न उघडता तसंच बसवलं. आठ महिन्यांत ऑइल टॉपअप करावं लागलेलं नाही. मे महिन्यात, भर दुपारी, चार माणसं घेऊन जोतिबा चढलो, टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलला नाही. सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला सुरू. लिटरला १३ किलोमीटर देते, आण्णांच्या काळात १२ द्यायची. इतका चांगला हात असलेल्या माणसानं पत्र्याचं काम मला जमणार नाही एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर माझे पैसे आणि त्याचं नाव दोन्ही वाचलं असतं.

राहिलं डावं दार. वरच्या बिजागरीचा एक मूळ बोल्ट हरवला. त्या जागी कुणीतरी दुसऱ्या आट्यांचा बोल्ट जोर लावून फिरवला होता, आतले आटे खाल्ले गेले. दोनदा घट्ट केला, महिन्याभरात परत सैल. गाडी कितीही छान पळो, माझे कान त्या दाराकडेच असतात. आता आतले आटे नव्याने पाडून त्या मापाचा बोल्ट लेथवर करायला दिलाय. नमुन्यासाठी उजव्या दाराचा एक काढून दिला आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली: ‘उजवं दार, वरची बिजागरी’. शनिवारी मिळेल म्हणालेत.