काउंटी एक्स्टेन्शन ऑफिस: वर्षभर वापरल्यानंतर

अमेरिकेत आडगावी राहायला आलेल्या मराठी घरांत एक्स्टेन्शन ऑफिसचं नाव कानावरून गेलेलं असतं, पण आत पाऊल टाकलेली माणसं कमी. कोर्टहाउसच्या चौकात नाहीतर फेअरग्राउंडशेजारी एक बैठी इमारत, दारावर चार पानांचं हिरवं क्लोव्हर, आत घडीच्या खुर्च्या आणि पत्रकांनी भरलेला स्टँड. मका-सोयाबीनवाल्यांचं काहीतरी असेल म्हणून आपण पुढे जातो. आम्ही आयोवात आहोत. नवरा इथल्या दवाखान्यात नोकरीला, शेती नावालाही नाही, मागच्या अंगणात चार वाफे आणि खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. तरी वर्षभरात या ऑफिसाने मला जे दिलं ते यूट्यूबवर तासन्‌तास घालवूनही मिळालं नव्हतं. काही गोष्टींत मात्र वैतागही आला. दोन्ही लिहिते.

आधी हे आहे काय ते सांगते. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती-तंत्र शिकवणारी कॉलेजं उभी केली. तो कायदा सगळ्यात आधी स्वीकारणारं राज्य आयोवाच, आणि एम्सचं आयोवा स्टेट विद्यापीठ त्यातलंच. पुढे 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठातलं ज्ञान काउंटी-काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पोचवायची सोय लागली, तीच ही एक्स्टेन्शन ऑफिसं. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि काउंटीचा, असा तिघांचा. आयोवात प्रत्येक काउंटीच्या एक्स्टेन्शन कौन्सिलवर नऊ जण मतदानाने निवडून येतात, आणि घरपट्टीतला छोटासा हिस्साही इकडे जातो. म्हणजे घर असेल तर तुम्ही पैसे भरताच आहात. फायदा घेत नसाल तर तुमचं नुकसान.

मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे इथे कोणी काही विकायला बसलेलं नाही. नर्सरीत पिवळं पान घेऊन गेलात की हातात खताची बाटली येते. इथे आधी प्रश्न येतात.

माझा कढीपत्ता पिवळा पडत होता, शिरा मात्र हिरव्या. एक पान पिशवीत घालून नेलं. त्या दिवशी टेबलावर मास्टर गार्डनर बसल्या होत्या. हे लोक स्वयंसेवक असतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात एक्स्टेन्शनवाल्यांना बागेबद्दलचे फोन आवरेनात, तेव्हा हौशी लोकांना शिकवून मदतीला घ्यायची पद्धत सुरू झाली आणि मग ती देशभर पसरली. तर या बाईंनी आयुष्यात कढीपत्ता पाहिला नव्हता. पान चुरगाळून वास घेतला, संगणकावर शोधलं, आणि म्हणाल्या, हे तर लिंबाच्या कुळातलं झाड. मग गाडी रुळावर आली. पाणी कुठलं घालता? नळाचं. इथलं पाणी जड, त्याने कुंडीतल्या मातीचा पीएच वर जातो आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. उपाय म्हणून पावसाचं पाणी साठवून घालायला आणि चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला घेता येईल असं लोह, द्यायला सांगितलं. नवी पालवी हिरवी आली. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, जे आपल्या लोकांना माहीत असायलाच हवं: कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडाकडून कोणी नातेवाईक कढीपत्त्याचं रोप सामानात घालून आणत असेल तर आणू देऊ नका. लिंबूवर्गीय बागांचा नाश करणारा सायला हा कीटक या झाडावर वाढतो, म्हणून त्याची लागण असलेल्या भागांतून रोपं बाहेर न्यायला बंदी आहे.

अंगणातल्या मातीची तपासणीही यांच्याकडूनच समजून घेतली. दहा-बारा ठिकाणांहून सहा-सात इंच खोल माती काढायची, प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली थोडीच पाठवायची. पत्र्याची बादली घेऊ नका असं बजावून सांगतात, कारण तिच्यातलं जस्त मातीत उतरतं. थोडे पैसे पडतात, अहवाल यायला वेळ लागतो. पण वाफ्यात चुलीची राख टाकायची माझी सवय त्या एका कागदाने सुटली. आमच्या मातीचा पीएच आधीच सातच्या वर, त्यात राख म्हणजे आगीत तेल.

आता कॅनिंगचा, म्हणजे पदार्थ हवाबंद बरण्यांत टिकवायचा वर्ग. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या बायका इथेच सगळ्यात जास्त वाद घालतील. मीही घातला.

वर्ग संध्याकाळी, एका चर्चच्या स्वयंपाकघरात. फी किरकोळ, घरी न्यायला घेवड्याच्या शेंगांची एक बरणी. शिकवणाऱ्या बाई विद्यापीठाच्या तज्ज्ञ, तीन-चार काउंट्या सांभाळणाऱ्या. पहिल्याच वाक्याला त्यांनी बोटुलिझम, म्हणजे बंद बरणीत वाढणाऱ्या जंतूमुळे होणारी जीवघेणी विषबाधा, हा विषय काढला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आंबट पदार्थ, म्हणजे पीएच 4.6 किंवा त्याखालचे, उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून टिकवता येतात. शेंगा, मका, मटण यांना ते चालत नाही. तिथे त्या जंतूचे बीजाणू मारायला 240 अंश फॅरनहाइट लागतात, आणि ते प्रेशर कॅनरशिवाय (बरण्यांसाठीचा मोठा कुकर) मिळत नाहीत. टोमॅटो या दोघांच्या सीमेवर, म्हणून क्वार्टच्या (साधारण एक लिटरच्या) बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घालायचाच. ताज्या लिंबाचा का नाही, तर त्याचा आंबटपणा दर लिंबाला वेगळा.

मी विचारलं, घरात आपला रोजचा कुकर आहे, त्यात एक-दोन बरण्या लावल्या तर? माझ्या डोक्यात शिट्ट्यांचा हिशोब सुरू होता. उत्तर आलं, स्पष्ट "नाही". क्वार्टच्या किमान चार बरण्या उभ्या राहतील एवढं भांडं हवं. आपला कुकर लहान, तो पटकन तापतो आणि पटकन निवतो, आणि तापायला-निवायला लागणारा वेळही पाककृतीत धरलेला असतो. शिवाय झाकण लावल्यावर दहा मिनिटं नुसती वाफ जाऊ द्यायची, मगच वजन ठेवायचं. आमचं गाव हजार फुटांच्या वर, म्हणून वजनाच्या गेजवर दाब 10 नाही, 15 पौंड. राज्याच्या पूर्वेकडे नदीकाठी राहणाऱ्या मैत्रिणीला 10 पुरतात. ही असली गोष्ट कुठल्याही पाककृतीच्या व्हिडिओत सांगत नाहीत.

मग मी पिशवीतून कैरीचं लोणचं काढलं. तेलात बुडालेलं, आईच्या हातच्या प्रमाणाचं. बाईंनी वास घेतला, चव घेतली, डोळे मिचकावले, आणि सांगितलं की या पाककृतीची चाचणी झालेली नाही, म्हणून मी हे बाहेर ठेवायला सांगू शकत नाही, फ्रीजमध्ये ठेवा. लसूण घातलेल्या तेलाबद्दल तर फारच कडक. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि त्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. मी म्हटलं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बरण्या माळ्यावर असतात. त्या हसून म्हणाल्या, तुमच्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा इतका असेल की ते सुरक्षित असेलही, पण मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. माझं मत: लोणच्याच्या बाबतीत आई बरोबर, लसणाच्या तेलाच्या बाबतीत बाई बरोबर. लोणचं अजून बाहेरच आहे. लसणाचं तेल त्या रात्रीच फ्रीजमध्ये गेलं. हे ऑफिस ठाम उत्तर तेव्हाच देतं जेव्हा मागे तपासणी असते. आपल्या स्वयंपाकघरातल्या अर्ध्या गोष्टी कोणी तपासलेल्याच नाहीत. तिथे ते फ्रीजचं नाव घेतात आणि गप्प बसतात, हे धरूनच जा.

आता फोर-एचबद्दल, म्हणजे एक्स्टेन्शनच्या मुलांसाठीच्या क्लबांबद्दल. लेक पाचवीत आहे, तिच्या शाळेतल्या अर्ध्या पोरी त्यात. डोकं, मन, हात आणि आरोग्य असे ते चार एच. क्लोव्हरच्या खुणेचा उगम सांगताना इथले लोक पेज काउंटीतल्या जेसी फील्ड शॅम्बॉ या बाईंचं नाव फार अभिमानाने घेतात. बाहेरून बघणाऱ्याला हे गाई-डुकरांचं प्रकरण वाटतं, आणि ते आहेच. जनावर वर्षभर नावाने हाक मारून वाढवायचं आणि जत्रेच्या शेवटी लिलावात विकायचं, हे आमच्या घरात पचणारं नव्हतं. लेकीने स्वयंपाकाचा प्रकल्प घेतला आणि काउंटी फेअरला तुपातली नानकटाई नेली.

मला वाटलं होतं टेबलावर ताटली ठेवायची, कोणीतरी येऊन रिबन लावून जाईल. तसं नसतं. परीक्षक मुलासमोर खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात: तुझं उद्दिष्ट काय होतं? ते गाठायला काय केलंस? काय शिकलीस? हे आधी कागदावरही लिहून द्यावं लागतं. माझी लेक पहिली दोन मिनिटं माझ्याकडे बघत होती आणि मला लांब उभं राहायला सांगितलं होतं. परीक्षक बाईंनी नानकटाई मोडली, आतला पोत बघितला, उलटी करून तळ बघितला. तुपाने लोण्यापेक्षा काय वेगळं होतं, असं विचारलं. लेक म्हणाली, तुपात पाणी नसतं म्हणून ती जास्त खुसखुशीत होते, आई लोणी कढवते तेव्हा पाणी उडून जातं आणि खाली बेरी उरते. बेरी म्हणजे काय हे मग हातवारे करून सांगितलं. रिबन लाल मिळाली, म्हणजे वरची निळी नाही. कारण सांगितलं ते पटण्यासारखं: अर्ध्या नानकटायांचे तळ जास्त भाजलेले, सगळ्यांचा आकार एकसारखा नाही. तिथे मुलांची एकमेकांशी तुलना नसते, ठरलेल्या मापाशी असते. एकाच टेबलावरच्या सगळ्यांना निळी मिळू शकते, कोणालाच न मिळूही शकते. पहिला-दुसरा नंबर काढण्यात वाढलेल्या आम्हाला हे समजायला वेळ लागला. लेकीला लागला नाही, ती घरी येऊन ट्रेच्या जागा बदलून भाजत बसली.

तक्रार एकच, पण मोठी. फेअर जुलैत, आणि आपण भारतात जातो तेही जून-जुलैत. क्लबच्या सभा, नोंदणी, प्रदर्शनाच्या याद्या, सगळं त्या जत्रेभोवती फिरतं. जुलैत तुम्ही सांगलीत असाल तर वर्षभराच्या मेहनतीला दाखवायची जागाच उरत नाही. आम्ही तिकिटं डिसेंबरवर ढकलली. सासूबाई अजून नाराज आहेत.

वडील आले होते तेव्हा त्यांना विद्यापीठाच्या संशोधन-शेतावरच्या फील्ड डेला नेलं. घरचा ऊस, हयात शेतीत गेलेली, त्यामुळे अमेरिकन शेतकरी काय बघतो हे त्यांना बघायचं होतं. ट्रॅक्टरमागे लावलेल्या गाडीत, गवताच्या गाठींवर बसून प्लॉट-प्लॉट फिरवतात. मका गुडघ्याखाली असताना जमिनीतला नायट्रेट मोजून वरखत किती द्यायचं ते ठरवायची पद्धत एक तज्ज्ञ दाखवत होते. वडिलांनी माझ्यामार्फत विचारलं, हे उसाला चालेल का. तज्ज्ञ म्हणाले, उसाचं मला माहीत नाही, विचारून कळवतो. वडिलांना तो माणूस तिथेच आवडला. आठवड्याने ईमेल आलीही, एका दक्षिणेकडच्या विद्यापीठाच्या पत्रकासह. परतताना गाडीत वडील म्हणाले, "आपल्याकडं मेळाव्यात सत्काराला दोन तास आन्‌ पिकाला धा मिन्टं." कृषी विज्ञान केंद्रांत चांगली माणसं आहेत हेही त्यांनीच जोडलं, रास्त म्हणून लिहिते.

ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्या पटकन सांगते. ऑनलाइन वेबिनार बहुतेक कंटाळवाणे. स्लाइड वाचून दाखवतात, प्रश्नांना पाच मिनिटं. आर्थिक नियोजनाचा वर्ग इथल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला, व्हिसावरच्या घराला त्यातलं थोडंच लागू पडतं. ऑफिस साडेचारला बंद, म्हणजे नोकरी करणाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत पळायचं. तज्ज्ञ अनेक काउंट्यांत वाटलेले, त्यामुळे हवी ती व्यक्ती हव्या त्या दिवशी भेटेलच असं नाही. आणि सगळ्यात खटकणारं म्हणजे वेळापत्रक ज्यांना आधीपासून माहीत आहे त्यांनाच ते माहीत असतं. शेतकऱ्यांचे वर्ग हिवाळ्यात, बागेचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, कॅनिंग उन्हाळ्याच्या तोंडावर. बर्फ वितळल्यावर जागे झालात तर बरंच हुकलेलं असतं. जानेवारीत एक फोन करून वर्षाची यादी मागून घ्या, ती देतात.

पैशांचीही ओढाताण दिसते. कमी खर्चात पौष्टिक जेवण शिकवणारे बरेच वर्ग देशभर स्नॅप-एड या केंद्राच्या निधीवर चालायचे. 2025 च्या कायद्याने तो निधी त्याच वर्षीच्या सप्टेंबरनंतर थांबला. आमच्याकडचा तसला वर्गही गेला. डाळी-कडधान्यांवर मी तिथे एक संध्याकाळ बोलणार होते, ते राहूनच गेलं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एवढंच: नुसतं "तुमच्याकडे काय काय आहे" विचारायला गेलात तर हातात पत्रकांचा गठ्ठा मिळेल. पिवळं पान, मेलेला किडा, मातीची पुडी, उघडलेली बरणी, काहीतरी हातात घेऊन जा. किडा असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत. आणि दाब दाखवणारा काटा असलेला जुना कॅनर कोणाच्या गराज सेलमध्ये घेतला असेल तर हंगामाआधी काटा तपासून घ्या. बऱ्याच काउंट्यांत करून देतात, आमच्याकडे फुकट होतं. काटा दोन पौंडांपेक्षा जास्त चुकत असेल तर बदलायला सांगतात. अख्खं भांडं उचलून नेऊ नका, झाकण पुरतं.