बार्थेल की फिम? घरभेटीसाठी माप निवडताना

अर्धांगवायूनंतर पेशंट किती सावरला, हे 'आता बरं आहे' एवढ्यावर सोडून चालत नाही. बार्थेल निर्देशांक १९६५ सालचा. जेवण, आंघोळ, चालणं अशी रोजची दहा कामं, ० ते १०० गुण. वाडी-वस्तीवर फिरणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तो पडवीत बसून काही मिनिटांत भरता येतो. पण आंघोळीला गुण दोनच, ० किंवा ५. बायकोने पूर्ण आंघोळ घातली काय, नुसते पाय धुऊन दिले काय, शून्यच!

दुसरं माप फिम, म्हणजे फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर. त्यात १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. आंघोळीत नुसते पाय धुऊन दिले तर ४, कुणी फक्त लक्ष ठेवायला उभं राहिलं तर ५. महिन्याभराची मेहनत इथे आकड्यात दिसते. शिवाय बोलणं, स्मरणशक्तीही मोजली जाते, जी बार्थेलमध्ये नाहीच. मात्र रीतसर प्रशिक्षण हवं, नाहीतर एकाच पेशंटला गुण देणाऱ्या दोघांचे आकडे जुळत नाहीत.

प्रशिक्षित टीम असलेल्या वॉर्डात फिम, सिंधुदुर्गातल्या घरभेटींना बार्थेल, असं माझं स्पष्ट मत. दोन्हीकडे पथ्य एकच: पेशंट काय करू शकेल ते नव्हे, रोज काय करतो ते लिहायचं. हात चालत असूनही सून मायेने पेज भरवत असेल, तर जेवणाचे पूर्ण गुण द्यायचे नाहीत.