जिओसर्व्हर : सहा पावसाळ्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पाणलोट क्षेत्रांचे आणि शेतजमिनीच्या गटांच्या हद्दींचे नकाशे ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी आमचा चार जणांचा चमू गेली सहा वर्षे जिओसर्व्हर वापरत आहे. जावामध्ये लिहिलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००१ साली न्यूयॉर्कमधील ‘द ओपन प्लॅनिंग प्रोजेक्ट’ या ना-नफा संस्थेने सुरू केले. ते विनामूल्य आहे, शेपफाइल या साध्या नकाशा-फाइलपासून पोस्टजीआयएसपर्यंत (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशांसाठीची जोड) बहुतेक सर्व प्रकारचा डेटा वाचते आणि डब्ल्यूएमएस (नकाशाचे चित्र), डब्ल्यूएफएस (मूळ डेटा), डब्ल्यूएमटीएस (नकाशाचे ठरावीक तुकडे) या प्रमाणित सेवा काही मिनिटांत सुरू करून देते. या गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे केवळ त्याच्या वेगाविषयी लिहीत आहे. चाचणीच्या दिवशी चपळ वाटणारा जिओसर्व्हर प्रत्यक्ष वापरात रखडतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि एके काळी मीही ती केली आहे. आज माझे मत वेगळे आहे. जिओसर्व्हर स्वतः क्वचितच मंद असतो. आपण त्याच्यावर नकळत जे अनावश्यक काम टाकतो, त्यात त्याचा वेळ जातो, आणि ते काम कोणते हे शोधण्याची सोय त्याच्यात चांगली आहे.

आमच्यावर तशी वेळ पहिल्याच पावसाळ्यात आली. खरिपाच्या तोंडावर एका जिल्ह्यातील कृषी सहाय्यकांनी बैठकीनंतर एकाच वेळी नकाशा उघडला आणि बहुतेकांच्या पडद्यावर पांढरे चौकोनच राहिले. आम्ही सर्वप्रथम जावाची हीप मेमरी (प्रोग्रामच्या वाट्याची मेमरी) दोन जीबीवरून आठ जीबी केली, कारण सर्व्हर मंद झाला की मेमरी वाढवायची ही सर्वांच्या अंगवळणी पडलेली सवय आहे. त्याने काहीही फरक पडला नाही. मग ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या एका टाईलचा, म्हणजे नकाशाच्या एका चौकोनी तुकड्याचा, पत्ता उचलला, तो स्वतंत्र खिडकीत उघडला आणि त्यातील लेयरची, म्हणजे नकाशाच्या थरांची, नावे एकेक करून काढून पाहिली. नद्या, रस्ते आणि गावांच्या शिवा लगेच येत होत्या. गटांच्या हद्दींचा लेयर जोडला की तीच टाईल नऊ-दहा सेकंद घेत होती. डब्ल्यूएमएसची प्रत्येक विनंती म्हणजे एक साधा, पुन्हा पुन्हा चालवता येणारा पत्ता असतो, आणि दोष शोधण्याच्या कामी मला हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. गर्दी ओसरल्यावरही दोष जसाच्या तसा समोर उभा करता येतो.

कारण समजल्यावर ते अगदी उघड वाटले. एका टाईलमध्ये २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ पिक्सेल असतात. संपूर्ण जिल्हा दिसत असताना अशा एकेका टाईलमध्ये पिक्सेलपेक्षा अधिक गट येत होते. सर्व्हर प्रत्येक गटाची हद्द डेटाबेसमधून आणत होता, तिचा प्रत्येक बिंदू एका प्रक्षेपणातून (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीतून) दुसऱ्यात नेत होता, रेषा एकमेकींवर चढवून काळा डाग तयार करत होता, आणि वर प्रत्येक गट क्रमांकासाठी जागा शोधून, ती न मिळाल्याने तो क्रमांक टाकून देत होता. ज्या चित्राचा कोणालाही उपयोग नव्हता त्यासाठी एवढा खटाटोप चालला होता. लेयरचे रंगरूप ठरवणाऱ्या स्टाईलच्या एसएलडी फाइलमध्ये आम्ही प्रमाणाची मर्यादा घातली : गटांच्या हद्दी १:२५,००० पेक्षा जवळून आणि गट क्रमांक १:१०,००० पेक्षा जवळून पाहतानाच दिसावेत. दोन ओळींच्या या बदलाने जो परिणाम साधला, तो नंतरच्या कोणत्याही यंत्रखरेदीने साधला नाही.

तरीही जवळून पाहताना गटांचा लेयर अपेक्षेपेक्षा हळू येत होता. त्या लेयरची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पोस्टग्रेसमध्ये ती कशी चालते हे दाखवणारे ‘एक्स्प्लेन अॅनालाइझ’ लावून चालवली, तेव्हा उत्तरात ‘सीक्वेन्शिअल स्कॅन’ असे शब्द दिसले. म्हणजे एका वाडीतील तीस गट दाखवण्यासाठी डेटाबेस जिल्ह्याचे संपूर्ण टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत होता. शेपफाइल टेबलमध्ये भरताना आम्ही इंडेक्स (हव्या त्या ओळी चटकन शोधून देणारी सूची) तयार करणारा पर्याय दिलाच नव्हता. येथे जिओसर्व्हरचा नवशिक्यांची फसगत करणारा एक विशेष सांगितला पाहिजे. शेपफाइल थेट जोडली तर तो तिच्याशेजारी क्यूआयएक्स नावाची अवकाशीय इंडेक्स फाइल आपणहून तयार करतो. पोस्टजीआयएसच्या टेबलवरचा जीआयएसटी इंडेक्स मात्र आपणच तयार करायचा असतो. त्यामुळे शेपफाइलवर चपळ चालणारा नकाशा डेटाबेसवर नेल्यावर मंदावला, असे उलटे चित्र दिसते आणि दोष डेटाबेसच्या माथी मारला जातो.

प्रक्षेपणाचा मुद्दाही आपल्याकडे वारंवार येतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग यूटीएम या पट्ट्यांच्या प्रक्षेपण पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात आणि ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील विदर्भ ४४ व्या पट्ट्यात येतो, तर ब्राउझरमधील नकाशे बहुधा ३८५७ क्रमांकाच्या प्रक्षेपणात मागितले जातात. हे रूपांतर जिओसर्व्हर प्रत्येक विनंतीच्या वेळी बिनचूक करतो, पण सतत पाहिल्या जाणाऱ्या लेयरची ३८५७ मधील एक प्रत आधीच करून ठेवली तर ते श्रम वाचतात. कोणी एसक्यूएल व्ह्यूमध्ये, म्हणजे क्वेरीवर आधारलेल्या लेयरमध्ये, भूमितीच्या स्तंभावरच रूपांतराचे फंक्शन लावले असेल, तर त्या स्तंभावरचा नेहमीचा इंडेक्स निरुपयोगी होतो, हे आवर्जून तपासावे.

हवाई छायाचित्रांच्या बाबतीत तर सगळे यश तयारीवर अवलंबून असते. काही जीबींची एकच टिफ फाइल, जिच्यात आडव्या पट्ट्यांनी डेटा भरलेला आहे आणि लहान प्रतींचे थर नाहीत, ती कितीही शक्तिशाली यंत्रावर ठेवली तरी रखडणारच, कारण नखाएवढे चित्र दाखवायलाही सर्व्हरला मूळ फाइलचा फार मोठा भाग वाचावा लागतो. जीडीएएल या नकाशा-डेटा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साधनांनी फाइलमध्ये अंतर्गत टाईल पाडाव्यात, आणि दोन, चार, आठ, सोळा अशा पटींनी लहान केलेल्या प्रती म्हणजे ओव्हरव्ह्यू तयार करावेत. जीडीएएलच्या २०२० मधील ३.१ आवृत्तीपासून अशा रचनेच्या ‘क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ’साठी स्वतंत्र ड्रायव्हर आहे आणि तो ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत करतो. शेकडो फाइली असतील तर त्या ‘इमेज मोझेक’, म्हणजे एकसंध लेयर, म्हणून जोडाव्यात. छायाचित्रे जेपेगमध्ये आणि रेषांचे नकाशे आठ बिटांच्या पीएनजीमध्ये द्यावेत, म्हणजे ग्रामीण भागातील मोबाइल नेटवर्कवर वापरणाऱ्याचा वेळ आणि डेटा दोन्ही वाचतात.

तयार टाईल साठवून पुन्हा देणारा, जिओसर्व्हरमध्येच अंतर्भूत असलेला जिओवेबकॅशे हा या उत्पादनाचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याविषयीच आढळतात. कॅशे चालू केला म्हणजे तो वापरला जातोच असे नाही. डब्ल्यूएमएसमधून तो मिळवायचा असेल तर प्रशासन पानावर थेट जोडणीचा पर्याय निवडावा लागतो, विनंतीत ‘टाइल्ड’ हा घटक द्यावा लागतो आणि ब्राउझरमधील नकाशाची जाळी सर्व्हरच्या ग्रिडसेटशी, म्हणजे टाईलच्या ठरलेल्या जाळीशी, तंतोतंत जुळावी लागते. जुळते की नाही हे तर्काने ठरवण्याची गरज नाही. सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमध्ये (सोबतच्या माहितीत) ‘हिट’ (टाईल कॅशेमधून आली) किंवा ‘मिस’ (आली नाही) असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ‘मिस’ का झाले याचे कारणही तेथेच सापडते. आमच्याकडे हे हेडर वाचण्यापूर्वी दोन आठवडे सर्वांची अशी समजूत होती की टाईल कॅशेमधूनच येत आहेत.

संपूर्ण कॅशे आधीच भरून ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. अठराव्या झूम पातळीवर साऱ्या जगाच्या टाईल ६८,७१,९४,७६,७३६ होतात. केवळ महाराष्ट्रापुरता, म्हणजे सुमारे ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा विचार केला तरी त्या पातळीवर जवळपास दीड कोटी टाईल लागतात, आणि सेकंदाला वीस टाईल तयार झाल्या असे धरले तर त्या एका पातळीसाठीच आठ-साडेआठ दिवस यंत्र राबेल. आम्ही तेराव्या पातळीपर्यंत कॅशे भरून ठेवतो, पुढच्या टाईल मागणीनुसार तयार होऊ देतो आणि डिस्कसाठी कोटा लावतो. डेटा बदलला की संबंधित भागाचा कॅशे रिकामा करण्याची जबाबदारी कोणाची, हेही आधीच ठरवलेले बरे.

मेमरीविषयी थोडक्यात सांगतो. वेक्टर, म्हणजे बिंदू, रेषा आणि हद्दींचा, डेटा जिओसर्व्हर प्रवाही पद्धतीने वाचतो, सगळा एकदम मेमरीत ओढून घेत नाही, आणि चार गुणिले चार टाईलचे एक मेटाटाईल रंगवायला चित्रापुरती चारच एमबी लागतात. त्यामुळे यंत्राची सगळी मेमरी जावाला देण्यापेक्षा काही भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल कॅशेसाठी मोकळा ठेवणे अधिक लाभाचे ठरते. बाकी, लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, पातळी डेव्हलपरसाठीच्या प्रोफाइलवर राहून गेली असेल तर ती आधी प्रत्यक्ष वापरासाठीच्या (प्रॉडक्शन) पातळीवर आणावी.

गर्दीच्या वेळी खरा आधार ‘कंट्रोल फ्लो’ या विस्ताराचा मिळाला. एका वेळी किती नकाशे रंगवायचे याची मर्यादा तो घालतो आणि उरलेल्या विनंत्यांना रांगेत उभे करतो. आठ कोअरच्या यंत्रावर आम्ही सोळा ही मर्यादा ठेवली. शंभर नकाशे एकदम हाती घेऊन सगळेच अर्धवट ठेवण्यापेक्षा सोळा पूर्ण करून पुढचे घेणे केव्हाही जलद होते, हे बँकेतील रांग पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. हा विस्तार मूळ संचात मिळत नाही, वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि त्याची आवृत्ती जिओसर्व्हरच्या आवृत्तीशी जुळावी लागते. एवढी आवश्यक गोष्ट मूळ संचातच असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. डेटाबेसशी होणाऱ्या जोडण्यांची कमाल संख्याही मुळात दहाच ठेवलेली असते. ती वाढवली नाही, तर रांगेतून आत आलेली विनंती डेटाबेसच्या दारात पुन्हा ताटकळते.

मराठी नावांच्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. गावांची नावे विचित्र चिन्हांत उमटली, तर शेपफाइलच्या जोडणीत अक्षरसंच यूटीएफ-८ असा बदलावा, कारण मूळ मूल्य आयएसओ-८८५९-१ हे असते. नावांच्या जागी रिकामे चौकोन आले, तर सर्व्हरवर देवनागरी फाँट बसवलेला नाही असे समजावे. नोटो सान्स देवनागरी बसवून, स्टाईलमध्ये तेच नाव लिहून सर्व्हर पुन्हा सुरू केला की ‘त्र्यंबकेश्वर’सारखी जोडाक्षरे नीट उमटतात.

सुरक्षेचा उल्लेख टाळता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२४-३६४०१ या त्रुटीमुळे बाहेरच्या व्यक्तीला लॉगिनशिवाय सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होती. दुरुस्ती २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ या आवृत्त्यांत आली. त्याहून जुनी आवृत्ती इंटरनेटवर उघडी असेल, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी ती बदलावी.

मिनेसोटा विद्यापीठात १९९० च्या दशकात जन्मलेला, सी भाषेतील मॅपसर्व्हर हा याला तुल्यबळ पर्याय आहे. ज्यांना त्याची मॅपफाइल, म्हणजे नकाशाची मांडणी सांगणारी मजकूर-फाइल, हाताने लिहिण्याचा सराव आहे आणि मोजकेच, न बदलणारे नकाशे द्यायचे आहेत, त्यांना मी तोच सुचवेन. आमच्याकडे दर हंगामात नवे लेयर येतात, ते लावणारी माणसे कृषी पदवीधर आहेत, प्रोग्रामर नाहीत, आणि जिओसर्व्हरच्या प्रशासन पानावरून ती माणसे हे काम स्वतः करतात. त्यांच्यासाठी आम्ही एकच नियम ठेवला आहे : नवा लेयर प्रसिद्ध करण्यापूर्वी टेबलवर इंडेक्स आणि स्टाईलमध्ये प्रमाणाची मर्यादा आहे हे दुसऱ्या सहकाऱ्याला दाखवायचे, आणि मगच पत्ता तालुक्याला पाठवायचा.